बाणकोट ते महाड : सावित्रीच्या खोऱ्यातील वाहतुकीचा इतिहास

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणाऱ्या नद्यांपैकी कृष्णा, कोयना आणि वेण्णा पूर्वेकडे वळतात, तर सावित्री आणि गायत्री सह्याद्रीचा कडा उतरून कोकणात येतात. कृष्णेला समुद्र गाठण्यासाठी सुमारे १४०० किलोमीटर वाहावे लागते. सावित्री मात्र साधारण ११० किलोमीटरांतच पोलादपूर आणि महाडवरून हरिहरेश्वर व बाणकोट यांच्या दरम्यान अरबी समुद्राला मिळते. या आखूड प्रवाहाचेही दोन अगदी वेगळे भाग पडतात. वरचा भाग खडकाळ, उताराचा आणि पावसाळा सरताच आटणारा असून त्यात होडी घालण्याचा प्रश्नच येत नाही. महाडच्या खालचा भाग म्हणजे खाडी, अर्थात समुद्राच्या भरतीचे पाणी ज्यात दिवसातून दोनदा आत शिरते असे नदीचे रुंद मुख. जिथवर भरती पोचते तिथवर होडी जाते, तिथून पुढे बैलाची पाठ किंवा माणसाचे डोके, आणि माल जिथे होडीतून उतरून बैलावर चढतो तिथे पेठ वसते. या खोऱ्याच्या वाहतुकीचा इतिहास मुख्यतः या अदलाबदलीच्या जागेचा आणि ती जागा कोणत्या कारणांनी सरकत गेली याचा इतिहास आहे.

ही रचना एकट्या सावित्रीची नाही. उल्हासवर कल्याण, अंबेवर नागोठणे, कुंडलिकेवर रोहा, वाशिष्ठीवर गोवळकोट आणि चिपळूण, शास्त्रीवर संगमेश्वर, अर्जुनेवर राजापूर, अशी कोकणातील जुनी व्यापारी गावे पाहिली तर त्यांतील बहुतेक समुद्रकाठी नसून भरतीच्या शेवटच्या टोकाशी, घाटवाटांच्या तोंडाशी वसलेली दिसतात. समुद्रकाठच्या बंदराला आडोसा आणि किल्ला लागे. आतल्या बंदराला लागे ती घाटमाथ्याची जवळीक. किल्ले मुखाशी आणि वखारी आत, ही विभागणी त्यामुळे सबंध किनाऱ्यावर आढळते.

सावित्रीच्या बाबतीत हा व्यवहार किती जुना आहे, याचा पुरावा महाडजवळच्या डोंगरांत कोरलेला आहे. गांधारी नदी सावित्रीला मिळते त्या परिसरातील गांधारपाले येथील बौद्ध लेणी इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील असून, तेथील एका शिलालेखात कानभोज विष्णुपालित या राजकुमाराचा, तर दुसऱ्यात एका श्रेष्ठीच्या, म्हणजे सधन व्यापाऱ्याच्या, कुटुंबाने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. नदीपलीकडे कोल येथेही लेणी आहेत. भिक्षूंचे विहार व्यापारी मार्गांच्या आधाराने उभे राहत, ही गोष्ट पश्चिम भारतातील लेण्यांच्या अभ्यासातून पुरेशी स्पष्ट झाली आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयनग्रंथात चौलच्या दक्षिणेला जी बंदरे नोंदवली आहेत, त्यांतील मंदगोर म्हणजे बाणकोट की राजपुरीच्या खाडीवरील मांदाड, आणि पलैपत्मै म्हणजे पाले की दाभोळ, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. नावांचा हा वाद बाजूला ठेवला तरी दान देण्याइतका पैसा या खाडीच्या माथ्यावर फिरत होता, ही गोष्ट शिल्लक राहते.

हा पैसा घाटावरून उतरत असे. वरंधा घाट भोरकडे, पार घाट प्रतापगडाच्या पायथ्याने जावळी आणि वाईकडे, आणि त्यांच्या अधेमधे शेवत्या, मढ्या, ढवळे अशा पायवाटा. या सर्वांचा उतार महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात येतो. या वाटांनी चाकाची गाडी चालणे शक्य नव्हते. माल वाहत ते लमाण आणि वंजारी यांचे तांडे, म्हणजे पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे कळप, आणि या तांड्यांचे अर्थकारण एका साध्या वस्तूवर उभे होते: मीठ. देशावर मीठ पिकत नाही आणि कोकणात गूळ, मिरची, हळद, तंबाखू, कांदा-लसूण पुरेसा पिकत नाही. म्हणून बैल मीठ, सुके मासे, नारळ आणि समुद्रमार्गे आलेला खजूर व लोखंड घेऊन चढत, आणि देशावरचा माल घेऊन उतरत. महाबळेश्वरच्या रानातला हिरडाही याच वाटेने बंदराला येई. रिकामा बैल तांड्याला परवडत नसे. दोन्ही बाजूंना भार मिळण्याची खात्री जिथे, तिथेच तांडा जाई, आणि महाडला ती खात्री होती. घाटांवर राज्यसत्तेची जकात बसे, म्हणजे मालाच्या ये-जावर घेतला जाणारा कर; म्हणूनच या वाटा ज्याच्या ताब्यात त्याला लढाईइतकेच व्यापारातूनही बळ मिळे. या घाटांवर सत्ता असलेल्या जावळीच्या मोऱ्यांचे महत्त्व समजून घेताना ही बाब अनेकदा नजरेआड होते.

१६५६ मध्ये जावळी आणि रायरी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी राजधानीसाठी निवडलेला रायगड, म्हणजे तीच रायरी, याच खोऱ्यात आहे. डोंगरी राजधानीचा विचार नेहमी दुर्गमतेच्या अंगाने केला जातो. पण रायगडाच्या पायथ्यापासून महाडची पेठ एका दिवसाच्या आत गाठता येते आणि तिथून खाडीने समुद्र, हेही त्या निवडीमागे असले पाहिजे. तथापि या गडाला एकच दार नव्हते. राज्याभिषेकासाठी १६७४ च्या मे महिन्यात मुंबईहून निघालेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन सावित्रीने आला नाही. तो चौलला उतरून कुंडलिकेच्या खाडीने रोह्याजवळच्या अष्टमीपर्यंत होडीतून आला आणि तिथून निजामपूरमार्गे गडाच्या पायथ्याच्या पाचाडला पोचला. मुंबईकडून येणाऱ्याला उत्तरेची खाडी सोयीची होती. दोन शतकांनी आगबोटी आल्या तेव्हा याच दोन दिशांमधली स्पर्धा पुन्हा दिसू लागली.

खाडीतल्या प्रवासाची पद्धत समजून घेतल्याशिवाय पुढचे बदल नीट कळत नाहीत. समुद्रातून येणारी गलबते, म्हणजे शिडाची मोठी मालवाहू जहाजे, मुखाशी किंवा म्हाप्रळपर्यंत येत. त्यापुढे पाणी उथळ होत जाई, म्हणून माल मचवे आणि पडाव अशा कमी खोल बुडणाऱ्या नावांत उतरवावा लागे. या नावा वाऱ्यापेक्षा पाण्यावर अवलंबून असत. भरती लागली की नांगर उचलायचा, चढत्या पाण्याबरोबर वर सरकायचे, ओहोटी लागली की काठाशी थांबायचे, आणि पुढच्या भरतीला पुन्हा निघायचे, असा तो क्रम होता. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा नियमही पंचांगाशी जोडलेला होता: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास आणि अष्टमीला सहाच्या सुमारास. खाडीत जितके आत जावे तितकी ही वेळ लांबते, त्यामुळे मुखाशी पूर्ण भरती असताना महाडकडे पाणी अजून चढतच असते, आणि हुशार तांडेल, म्हणजे नावेचा प्रमुख खलाशी, या फरकाचा फायदा घेऊन एकाच भरतीवर बराच पल्ला मारीत असे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीला उधाण आणि अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीला भांग म्हणतात. भरलेली जड नाव महाडच्या धक्क्याला लावायची तर उधाण गाठावे लागे, भांगाच्या दिवसांत ती वाटेतच अडकण्याचा संभव असे. उतरताना ओहोटीच्या जोडीला रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा मिळे. बाजारपेठेतल्या मालाची आवक आणि भाव महिन्यातून दोनदा चंद्राच्या कलांनुसार हलत, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. आषाढापासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद असे आणि घाटही निसरडे होत, तेव्हा बंदर आणि तांडा दोघांनाही सक्तीची विश्रांती मिळे.

या नावांवर खपणारे लोक प्रामुख्याने खाडीकाठच्या गावांतले होते. म्हाप्रळ, आंबेत, बाणकोट इथल्या कोकणी मुसलमानांची दर्यावर्दी परंपरा जुनी आहे. मुंबईच्या गोदीत आणि पुढे दूरच्या जहाजांवर खलाशी म्हणून गेलेली अनेक घराणी या खाडीवर तयार झाली. नदी आडवी ओलांडण्यासाठी ठिकठिकाणी ‘तर’ असे, म्हणजे ठरलेल्या जागी उतारूंना पलीकडे पोचवणारी होडी. कोरीव लेखांत किंवा तहनाम्यांत या लोकांचा उल्लेख अभावानेच आढळतो, हे इतिहासलेखनाचे जुने दुखणे आहे.

खाडीच्या मुखावर परकी सत्तेने पाय ठेवला तो १७५५ मध्ये. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांनी एकत्र मोहीम केली, कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतल्यावर बाणकोटचा किल्लाही कंपनीकडे आला, आणि इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया हे नाव दिले. पुढल्या वर्षी पेशव्यांशी झालेल्या तहात बाणकोट आणि आसपासची काही गावे रीतसर कंपनीला मिळाली. कोकणच्या मुख्य भूमीवरचा हा इंग्रजांचा अगदी आरंभीचा मुलूख. त्यांना इथून मुंबईसाठी धान्य आणि जनावरे हवी होती, आणि घाटावरच्या व्यापाराचे एक तोंड हाती हवे होते. १७७१ मध्ये कंपनीचा नोकर जेम्स फोर्ब्स या खाडीने दासगावपर्यंत आला आणि जवळच्या उन्हाळ्यांचे, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचे, वर्णन त्याने आपल्या आठवणींच्या ग्रंथात केले. पेशवाई संपल्यावर दक्षिण कोकणच्या कारभाराचे ठाणे प्रथम बाणकोटलाच होते. १८२२ मध्ये ते रत्नागिरीला हलले. जिल्ह्याच्या एका टोकाला, वाळूने अडलेल्या मुखावर बसून लांब किनाऱ्याचा कारभार चालणे अवघडच होते.

मुखाशी साठलेली ही वाळू किती घातक होती, हे १८५३ मधील एका दुर्घटनेवरून कळते. आर्थर मॅलेट या सनदी अधिकाऱ्याची पत्नी आणि तान्ही मुलगी बाणकोटच्या मुखाशी होडी बुडून मरण पावल्या. त्यांच्याबरोबर नाव चालवणारे तेरा खलाशीही बुडाले. महाबळेश्वरला ज्या कड्यावरून सावित्रीचे खोरे खाली दिसते, त्याला ‘आर्थर सीट’ हे नाव याच मॅलेटवरून पडले आहे. पर्यटकांना सांगितल्या जाणाऱ्या कथेत पत्नी आणि मुलगी असतात. तेरा खलाशी नसतात.

महाबळेश्वर हे १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमच्या पुढाकाराने थंड हवेचे ठिकाण म्हणून विकसित होऊ लागले तेव्हा सावित्रीला काही काळ नवे महत्त्व आले. मुंबईहून बाणकोट, खाडीने दासगाव किंवा महाड, तिथून पोलादपूर आणि पालखी किंवा डोलीने पार घाट, असा युरोपियनांचा एक नेहमीचा मार्ग झाला. परंतु त्याच माल्कमच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, बोरघाटातून चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला आणि महाडच्या पेठेला तिचा खरा प्रतिस्पर्धी मिळाला. गाडीत एका बैलजोडीने जे ओझे ओढले जाते त्यासाठी तांड्यात कितीतरी बैल लागतात. गाडीरस्ता असलेला घाट लांबचा असला तरी स्वस्त पडू लागला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली तेव्हा पुणे आणि सातारा भागातला माल थेट मुंबईला उतरू लागला. लमाणांचे तांडे विरळ होत गेले. वरंधा आणि आंबेनळी या घाटांतून नंतर गाडीरस्ते काढले गेले, पण तोवर व्यापाराने दिशा बदलली होती, आणि जो माल उरला तो मुख्यतः स्थानिक होता.

दुसरे संकट नदीच्या पात्रातच तयार होत होते. मुंबईच्या वाढीबरोबर सरपण, कोळसा आणि इमारती लाकूड यांची मागणी वाढली आणि खाडीमार्गे हे लाकूड सहज नेता येत असल्याने नदीकाठचे डोंगर सर्वांत आधी उघडे पडले. उतारावर झाडे तोडून, जाळून नाचणी-वरी पिकवण्याची दळी पद्धतही होतीच. तिच्यावर सगळा दोष ढकलण्याची इंग्रजी अधिकाऱ्यांची सवय मात्र सोयीस्कर म्हणावी लागेल, कारण मुंबईच्या चुलींचा वाटा त्यात धरला जात नसे. पावसाळ्यात उतरणारी माती नदीत येई, आणि जिथे भरतीचे पाणी प्रवाहाला थोपवते तिथेच, म्हणजे नेमक्या महाडच्या खाली, ती बसे. जी भरती नावांना वर आणत होती तीच गाळ जागेवर धरून ठेवीत होती. मोठ्या नावांना महाडचा धक्का परका झाला आणि मालाची अदलाबदल सुमारे आठ किलोमीटर खाली, दासगावला होऊ लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगबोटी, म्हणजे वाफेवर चालणारी जहाजे, किनाऱ्यावर नियमित फिरू लागल्या, तेव्हा सावित्रीवरील त्यांचा शेवटचा थांबा दासगावच राहिला. आगबोटीने दोन गोष्टी बदलल्या. भरतीची वाट पाहणे पूर्ण थांबले नाही, पण वाऱ्याची वाट पाहणे थांबले, आणि प्रवासाला छापील वेळापत्रक आले. दुसरे म्हणजे या बोटींचा मुख्य माल माणूस झाला. महाड, मंडणगड, पोलादपूर या भागांतून गिरण्यांत, गोदीत, पलटणीत आणि घरगड्याच्या कामासाठी मुंबईला जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली. शिमगा-गणपतीला येणारे चाकरमानी आणि त्यांनी पाठवलेल्या मनीऑर्डरी यांनी खोऱ्याचे अर्थकारण सावरले. उत्तरेकडे अंबा नदीच्या खाडीवर धरमतर हा पर्याय होताच: मुंबईहून बोटीने धरमतर, आणि विसाव्या शतकात मोटारी आल्यावर तिथून रस्त्याने महाड. हा मार्ग झटपट असला तरी त्यातील मोटार खासगी मालकाची असे.

या फरकाला १९२७ मध्ये राजकीय अर्थ आला. मार्चमध्ये चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबरमध्ये महाडला दुसरी परिषद बोलावली. धरमतरचा रस्ता सोपा होता, पण मोटारमालकांनी अस्पृश्य सत्याग्रहींना गाडीत घेण्यास नकार दिला असता तर मध्येच अडकून पडावे लागले असते. म्हणून २४ डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघून हरिहरेश्वरमार्गे दासगावला उतरण्याचे ठरले, कारण दासगावहून महाडचे पाच मैल पायी चालता येत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट दासगावला लागली तेव्हा हजारो सत्याग्रही तिथे वाट पाहत होते, आणि सगळे मिरवणुकीने महाडला गेले. पेठेच्या दृष्टीने मागे पडत चाललेल्या जलमार्गाचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रवास म्हटला पाहिजे. वाहतुकीचे साधन कोणाच्या मालकीचे आहे आणि ते कोणाला नाकारले जाऊ शकते, हा प्रश्न या खोऱ्याने इतक्या उघडपणे त्यापूर्वी पाहिला नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, महाड आणि पोलादपूर यांच्या दरम्यान सावित्रीवर दगडी पूल उभा राहिला. नदीने जाण्यापेक्षा नदी ओलांडणे महत्त्वाचे ठरू लागल्याची ही खूण होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये राज्य परिवहनाच्या गाड्या सुरू झाल्या, त्या हळूहळू खाडीकाठच्या गावांपर्यंत पोचल्या, मुंबई–गोवा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला, आणि दासगावचा बोटींचा धक्का इतिहासजमा झाला. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला. वीरच्या पुढे लोहमार्ग सावित्री ओलांडून करंजाडी, विन्हेरेकडे जातो. मात्र रेल्वे महाड शहराला स्पर्श करीत नाही, म्हणून शहराची भिस्त महामार्गावरच राहिली. खाली आंबेत–म्हाप्रळ येथे तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. ए. आर. अंतुले यांच्या पुढाकाराने पूल झाला आणि रायगड व रत्नागिरी जिल्हे जोडले गेले. मुखाशी, जिथे रेवस–रेडी सागरी महामार्गाचा पूल व्हायचा आहे, तिथे सुरू झालेले काम वर्षानुवर्षे रखडले; त्या जागेची गरज बागमांडला आणि वेसवी यांच्यामधली मोटारी वाहून नेणारी फेरीबोट भागवते. आंबेतचा पूल अलीकडे दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला तेव्हा तिथेही फेरीबोटच मदतीला आली. म्हणजे वाळूच्या बार्ज सोडल्या तर आजची सावित्रीवरील जलवाहतूक जवळजवळ सारी आडवी आहे. जुन्या ‘तरी’ची ती वंशज, मचव्या-पडावांची नव्हे.

२०१६ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय जलमार्ग कायदा अमलात आला आणि देशातील १११ जलमार्गांच्या यादीत सावित्रीची खाडी ८९ व्या क्रमांकावर, सुमारे ४६ किलोमीटरच्या टप्प्यासह समाविष्ट झाली. त्याच वर्षी २ ऑगस्टच्या रात्री पुरात १९२८ चा दगडी पूल कोसळला आणि काही खासगी वाहनांसह दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. त्यांतील एक जयगडहून आणि दुसरी राजापूरहून मुंबईकडे निघाली होती. एके काळी या दोन्ही गावांचे लोक मुंबईला बोटीने जात. नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला झाला. जलमार्गांच्या याच यादीतील अंबा नदीवर धरमतरच्या खाडीत पोलाद कारखान्यासाठी कच्चा माल आणणाऱ्या बार्ज नियमित चालतात, कारण तिथे माल घेणारा उद्योग काठावरच आहे. सावित्रीवर तसे काही घडलेले नाही. महाडचा औद्योगिक पट्टा खाडीच्या माथ्याशी असूनही त्याचा माल रस्त्यानेच जातो. जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ बुडाल्यानंतर दासगावपर्यंतचे पात्र मोकळे करण्याची मागणी नागरिकांनी लावून धरली आणि नदीतला गाळ यंत्रांनी काढण्यात येऊ लागला. हे काम पूरनियंत्रणाच्या कामांत मोडते. जलमार्ग क्रमांक ८९ शी त्याचा संबंध नाही.